फाट्यावरची डहाळी

बाबांच्या मृत्यूचा चौकशी अहवाल माझ्या भावाने, प्रसेनजितने, पुण्याहून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. चार पानं होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी हे वाक्य होतं: "सदर वनरक्षक कोणासही पूर्वसूचना न देता वनक्षेत्रात गेल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे आगीत सापडून मयत झाले."

खाली प्रसेनजितने लिहिलं होतं, 'ताई, आईला दाखवू नको.' पण आई माझ्या शेजारीच गहू निवडत बसली होती. तिने चष्मा लावला आणि फोन हातातून घेतला. तिला ओळीखाली बोट ठेवून वाचायची सवय आहे. बोट लागलं की पान उडायचं, मोठं व्हायचं, सरकायचं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. असं करत ती त्या वाक्यापर्यंत पोचली.

"निष्काळजी?" ती म्हणाली. "न्हानीत जातानी बी सांगून जाये तुहा बाप."

फोन माझ्या मांडीवर ठेवून तिने ताट पुढे ओढलं. मग गव्हाकडेच पाहत म्हणाली, "हे खोडून आन."

कार्यालयातून उत्तर मिळालं की आक्षेप असेल तर सोमवारी दुपारपर्यंत लेखी द्या, आधारासह. त्यानंतर अहवाल वर जाईल. माझ्याकडे आधार काहीच नव्हता. त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी जबाब दोघांचेच घेतले होते. एक गजेंद्र, शेजारच्या बीटचा तरुण वनरक्षक. दुसरे उकंडराव, खैरखोऱ्याच्या विश्रामगृहाचे चौकीदार. गजेंद्रचा जबाब दीड पान होता. उकंडरावांचा एक ओळ: "मला याबाबत काही माहीत नाही." बावीस वर्षं रोज माझ्या वडिलांबरोबर चहा प्यालेल्या माणसाची एक ओळ. म्हणून मी रविवारचं, एका मुक्कामाचं, सूट क्रमांक एकचं बुकिंग केलं.

त्यांना विचारण्यासारखी गोष्ट एकच होती, डहाळीची.

खैरखोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, आणि दरीत उतरलं की वॉकीटॉकी नुसता खरखरतो. म्हणून तिथल्या वनरक्षकांची आणि मजुरांची एक जुनी रीत आहे. विश्रामगृहाच्या फाटकासमोर तीन वाटा फुटतात. त्या फाट्यावर एक सपाट दगड आहे. जंगलात जाणारा माणूस त्या दगडावर लिंबाची ताजी डहाळी ठेवतो, देठ आपल्या वाटेकडे करून. बाहेर आला की आपली डहाळी आपणच उचलून फेकतो. एक डहाळी म्हणजे एक माणूस आत. वणवा पेटला आणि त्याला अडवायला अलीकडून उलटी आग लावायची वेळ आली, तर आधी तो दगड पाहायचा. दगड मोकळा असेल तरच काडी ओढायची.

चौदा मार्चला, बाबा गेले त्या दिवशी, दगड मोकळा होता, असं गजेंद्र पहिल्यापासून सांगत होता आणि तेच त्याने लिहून दिलं होतं. आणि ते खोटं आहे असं मला वाटत नव्हतं. पण बाबा डहाळी न ठेवता आत गेले हेही मला खरं वाटत नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र बसत नव्हत्या. दीड महिना मी मेहकरच्या कॉलेजात लायब्ररीच्या टेबलाशी बसून, पुस्तकांवर शिक्के मारता मारता, त्या दोन्ही जवळ आणून पाहत होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चौदा मार्चलाही माझं तिथे बुकिंग होतं.

विश्रामगृह एकोणीसशे अकराचं आहे. काळा दगड, सागवानी तख्तपोशी, रुंद व्हरांडा, लांब हातांच्या खुर्च्या, समोर उतरत गेलेली दरी आणि दरीच्या तळाशी पाणवठा. आम्ही लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांकडे यायचो, पण मागच्या स्वयंपाकघरापर्यंतच. समोरच्या पायऱ्या वनरक्षकाच्या पोरांसाठी नव्हत्या. असं कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. एकदा, सहा वर्षांची असताना, मी वरच्या पायरीवर जाऊन बसले, तर बाबांनी मला काखेत उचललं आणि मागे नेऊन चुलीपाशी ठेवलं. रागावले नाहीत. काही बोललेच नाहीत.

यंदा फेब्रुवारीत मला कळलं की आता कुणालाही ऑनलाइन बुकिंग करता येतं. मी बाबांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "एक नंबर घे. तिथून पाणवठा दिसते." मग म्हणे सगळ्या नाक्यावर, जिथे त्यांचं क्वार्टर होतं, सांगत फिरले, माही लेक साहेबाच्या पलंगावर झोपनार हाय.

चौदा मार्चला सकाळी कॉलेजात परीक्षेचं काम अंगावर आलं. बारा वाजता मी त्यांना फोन लावला, लागला नाही. मेसेज टाकला, आज जमत नाही, पुढच्या शनिवारी येते. त्या मेसेजपुढे अजून एकच टिक आहे.

*

बुलढाण्याहून काळीपिवळीने नाक्यावर उतरले आणि दीड किलोमीटर चालत गेले. एप्रिलचा शेवट होता. डाव्या हाताचा उतार अजून काळा होता, सागाचे बुंधे कमरेपर्यंत जळालेले, आणि त्या काळ्यातच कुठे कुठे नवी पालवी फुटलेली. उजव्या हाताला सगळं नेहमीसारखं. मधला रस्ता म्हणजे आगीची हद्द.

सवयीने मी मागे गेले, स्वयंपाकघराच्या दाराशी. उकंडरावांच्या बायको शालूबाई भांडी घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि राखेच्या हातानेच मला जवळ ओढलं. थोडा वेळ तशाच धरून उभ्या राहिल्या. मग मला ढकलत म्हणाल्या, "काऊन वो, मागून काऊन येऊन राह्यली? सूटवाले समोरून येतेत. जाय, पुढून ये. मी दार उघडते."

"राहू द्या ना, काकू."

"राहू द्या काय? पैसे भरले ना तू? जाय म्हनते ना."

मी वळसा घालून पुढे गेले. तेव्हा लक्षात आलं की आवारात पाय बुडेल इतका पाचोळा आहे. सागाची ताटाएवढी पानं, लिंबाचा पिवळा चुरा, व्हरांड्याच्या पायऱ्यांवरसुद्धा. चालताना इतका आवाज होत होता की उकंडराव मी दिसायच्या आधीच उठून उभे राहिले होते. दीड महिन्यापूर्वी ते बाबांच्या पुण्यानुमोदनाला सुलतानपूरला आमच्या घरी आले होते तेव्हा जेवले नव्हते, पण सगळ्या गंज-पातेल्यांना राख लावून ती घासत बसले होते. त्यापेक्षाही आता ते वाळले होते.

"या बाईसाहेब," ते म्हणाले.

त्यांनी मला कधी बाईसाहेब म्हटलं नव्हतं. दार उघडणाऱ्या शालूबाई ते ऐकून थांबल्या.

"बाईसाहेब कोनाले म्हन्ता? हिचं शेंबूड पुसलं हाय मी या पदरानं."

"पाहुने हायेत त्या," उकंडराव म्हणाले. माझी बॅग उचलून ते आत गेले, आणि नंतर जेवणापर्यंत दिसले नाहीत.

खोलीत उंच पलंग होता, पांढरी चादर, मच्छरदाणीच्या चार काठ्या. खिडकीतून खरंच पाणवठा दिसत होता. एक रोही पाणी पिऊन गेला, मग दोन लांडोरी आल्या. मी खुर्ची फिरवून घेतली आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

तिथे टेबलावर अभिप्रायाची वही होती. हाताशी वही असली की ती वाचल्याशिवाय मला राहवत नाही. दहा-अकरा वर्षांचे मुक्कामी त्यात होते, अकोल्याचे, नागपूरचे, नाशिकचे डॉक्टर, बँकेतले लोक, एक निवृत्त न्यायाधीश. अस्वल दिसलं, बिबट दिसला नाही, जेवण घरगुती. आणि जवळजवळ प्रत्येकाने एक गोष्ट लिहिली होती. "एवढ्या जंगलात असून आवारात एक पान पडलेलं दिसत नाही." "उकंडराव यांच्या खराट्याला सलाम." न्यायाधीशांनी लिहिलं होतं, "स्वच्छता शिकावी तर येथे."

मार्चनंतर चार नोंदी होत्या. "आवार अत्यंत अस्वच्छ." "पाचोळ्यात साप असू शकतो, लहान मुलांना घेऊन येऊ नये." "चौकीदारास सांगितले असता दुर्लक्ष केले." "वरिष्ठांनी लक्ष द्यावे."

मी वहीतून वर पाहिलं. वाऱ्याने पाचोळा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होता.

दिवस मावळता मावळता जेवायला मी मागेच गेले. सूटमध्ये ताट आणून देते असं शालूबाई म्हणाल्या, पण मी चुलीपाशी पाट घेतला. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. उकंडराव दाराच्या उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसले होते.

"काकू, खराटा मोडला का?" मी विचारलं.

शालूबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "मोडला कायचा! दोन पडले हायेत नवे. हात नाई लावत. मी घेतला तं हिसकून घेते माह्या हातचा. साहेबाची नोटीस आली, का आवार झाडून घ्या. ते चुलीत टाकली. ऑक्टोबरात रिटायर होऊन राह्यला हा मानूस, अन आता डोकं फिरलं."

"गप वो," उकंडराव तोंड न वळवता म्हणाले. "तू भाकर थाप."

"थापूनच राह्यली. तीस वर्सं थापूनच राह्यली. पोरीले सांगा ना मंग, काऊन झाडत नाई ते. मले नाई सांगत तं नाई सांगत."

उकंडराव उठले आणि निघून गेले. शालूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

*

सकाळी सहा वाजता मी बाहेर आले तर उकंडराव समोरच्या, खालच्या पायरीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा खाकी गणवेश होता. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी थोडं सरकून जागा दिली.

"काका, मी कायले आली ते तुम्हाले माहीत हाय," मी म्हणाले. कॉलेजात मी असं बोलत नाही. इथे दुसरं कसं बोलणार?

"हाव."

"आज दुपारलोक वेळ हाय. मंग ते वाक्य कायमचं राह्यते. माय म्हनते खोडून आन."

"जनकाबाई म्हनते?"

"हाव."

ते उठले. फाटकाबाहेर चालू लागले तशी मीही गेले. फाट्यावर, दगडापाशी ते थांबले. दगडावर काही नव्हतं.

"त्या दिसी सकाई सहाले ठेवली त्यानं डहाळी," उकंडराव म्हणाले. "हे अशी. देठ पानवठ्याकडे. मी सोता पाह्यली."

मला वाटलं, झालं, एवढंच हवं होतं. ही एक ओळ त्यांनी लिहून दिली की काम झालं. पण ते थांबले नाहीत.

"बाराले बाहेर आला. मागं बसून चहा पेला. म्हने, उकंडा, आज माही लेक येऊन राह्यली. आवार असं झाड, का तिले चप्पल घालाचं मन नाई झालं पायजे. म्या म्हनलं, राजेहो, कलेक्टर आला तं येवढं नाई सांगत तू. तं हासला. म्हने, कलेक्टरचा बाप नसते ना इथं." उकंडरावांनी नाक पुसलं. "चहा पेऊन मागच्या दारानं निंघाला. मले वाटलं, घरी चालला नाक्यावर. आंघोळ करन, धुतले कपडे घालन, लेक येऊन राह्यली म्हनून."

"गेले नाहीत?"

"नाई. तिथून एक पायवाट पानवठ्यावर बी जाते. खाली पानी कमी होतं. सांजंले जनावर पायजे ना तुले दिसाले. पंप सुरू कराले गेला तो. हे मले कवा समजलं? चार वाजता. पंपाचं बटन सुरू सापडलं, तवा."

"मग डहाळी?"

"डहाळी इथंच होती ना! सकायचीच." त्यांनी दगडावर हात ठेवला. "त्याले पुन्हा आत जाचं होतं, मंग तो कायले उचलन? अन दुसरी कायले ठेवन? एक मानूस, एक डहाळी. देठ बी पानवठ्याकडेच. बरोबरच होतं त्याचं."

पुढचं मला दिसायला लागलं होतं.

"मी झाडत झाडत फाटकाबाहेर आलो. कवा येत नाई इतकं लांब. पन म्हनलं, आज पार फाट्यालोक झाडतो, माणिकरावची पोरगी येऊन राह्यली. दगडावर पाहातो तं डहाळी. उन्हानं कोमेजली होती. म्हनलं, पाहा, लेकीच्या खुशीत इसरला बुढा. आता इथंच तं चहा पेऊन गेला माह्यापाशी. बाहेर हाय, अन डहाळी तशीच." ते थांबले. "बावीस वर्सांत दुसऱ्याच्या डहाळीले हात नाई लावला म्या. त्या दिसी लावला. खराट्यानं नाई. हातानं उचलली, अन ढिगात टाकली."

खाली पाणवठ्यावर कुठला तरी पक्षी ओरडत होता. मी दगडाकडे पाहत होते आणि तो फक्त दगड होता.

"दीड वाजता वनवा आला तिकून. गजेंद्र गाडीवर आला, पाच मजूर घेऊन. दगड पाह्यला, मोकळा. लावली आग. त्याचं काई चुकलं नाई. मी आत होतो, तुह्या पलंगावर चादर घालत होतो. धूर याले लागला, तं खिडक्या लावून घेतल्या. म्हनलं चादरीले वास लागंन."

यानंतर ते खाली बसले, रस्त्यावरच. मीही बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण डोक्यात फक्त बारा वाजता लावलेला फोन होता. तो लागला असता तर ते पाणवठ्यावर गेलेच नसते. जमत नाही म्हटलं असतं तर गणवेश काढून घरी भाकरी खाल्ली असती.

"चौकशीत का नाही सांगितलं?" मी शेवटी विचारलं.

"सांगाले गेलतो. साहेबानं इचारलं, आग लागली तवा तुमी कुठं होते? म्हनलं, आत होतो. तं म्हने, मंग काही माहीत नाही असं लिहू का? म्या हाव म्हनलं." ते जमिनीवरच बोलत होते. "त्यानं सोतानं इचारलं. मले वाटलं, बरं झालं. येवढं सोपं. मंग बाहेर आलो अन खराटा दिसला."

"काका, हे लिहून द्यावं लागेल."

"लिही ना. मीच वाट पाहून राह्यलो का कोनी तरी लिहा म्हनंन."

*

व्हरांड्यातल्या टेबलावर, वही बाजूला सारून, मी त्यांचा जबाब लिहायला घेतला. त्यांना सहीपुरतं लिहिता येतं. ते वऱ्हाडीत सांगत होते आणि मी ते कागदावर कार्यालयाच्या मराठीत उतरवत होते. प्रत्येक वाक्य झालं की वाचून दाखवत होते.

"'मी सकाळी सहा वाजता श्री. माणिकराव सरकटे यांना दगडावर डहाळी ठेवताना समक्ष पाहिले.'"

"हे मी बोललो?"

"तुम्हीच बोललात."

"लय साफ बोललो बापा," ते म्हणाले. शालूबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. सकाळपासून त्यांना सगळं कळलं होतं. फाट्यावरून परत आल्यावर उकंडरावांनी पहिल्यांदा त्यांना सांगितलं, चुलीपुढे उभं राहून, माझ्यादेखत. त्या एवढंच म्हणाल्या, "दीड महिना माह्या बाजूले झोपला तू हे घेऊन."

मी पुढे लिहिलं. "'त्या दिवशी श्री. सरकटे यांची मुलगी सारिका माणिकराव सरकटे ही विश्रामगृहात मुक्कामास येणार असल्याने, त्यांनी मला आवार स्वच्छ झाडण्यास सांगितले.'"

"थांब," उकंडराव म्हणाले. "तुहं नाव काऊन टाकतं?"

"असंच झालं ना?"

"झालं तं झालं. पाहुने येनार होते, असं लिही. खोटं बी नाई ते. पाहुनेच होते ना?"

"लिही ना वो पोरी," शालूबाई म्हणाल्या. "त्या कागदाले काय करायचं तुह्या नावाशी? उद्या मायले वाचून दाखवशीन तू हे. जनकाबाई ऐकंन का सारिकासाठी झाडलं, म्हनून. आयुष्यभर ऐकंन ते."

मी पेन खाली ठेवला.

त्यांचं बरोबर होतं. "पाहुणे येणार होते" एवढ्याने काम भागत होतं. बाबांबद्दलचं वाक्य खोडलं जाणार होतं, उकंडरावांनी जे केलं तेही लिहिलं जाणार होतं, आणि माझं नाव कागदाबाहेर राहणार होतं. आईला मी तेवढंच वाचून दाखवलं असतं. प्रसेनजितनेही कधी विचारलं नसतं. माझ्यासमोर बसलेले दोघंच ते जाणत होते आणि दोघंही मला ते सोडायला सांगत होते.

पण मग ते वाचणारा प्रत्येक माणूस विचारणार होता, त्याच दिवशी या म्हाताऱ्याने फाट्यापर्यंत का झाडलं? बावीस वर्षांत कधी नाही, त्याच दिवशी का? आणि त्या प्रश्नापुढे उकंडराव एकटे उभे राहणार होते. त्यांना वेड लागलं होतं, किंवा त्यांचं काही वैर होतं, असं कुणीही म्हटलं असतं. बाबा मुलगी येणार म्हणून आनंदात होते, ही गोष्टही त्या चार पानांत कुठेच आली नसती. त्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल मला खात्रीने माहीत असलेली तेवढीच एक चांगली गोष्ट होती.

"नाव राहू द्या," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

शालूबाई आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला.

जबाब दोन पानं झाला. उकंडरावांनी सही करायला बराच वेळ घेतला. 'उकंडराव'मधली प्रत्येक उभी रेघ ते वरून खाली सावकाश ओढत होते.

*

साडेबाराला आम्ही कार्यालयात पोचलो. वनक्षेत्रपाल मॅडम नव्या होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. अहवाल त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्यांचा होता. त्यांनी जबाब एकदा वाचला, मग दुसऱ्यांदा, टेबलावर कोपर टेकवून.

"यातल्या सारिका तुम्हीच?"

"हो."

"हे नसतं लिहिलं तरी चाललं असतं."

"माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. अहवाल वर जाणार नाही, म्हणाल्या. ते वाक्य निघेल. कामावर असताना मृत्यू, असं येईल. मग त्या उकंडरावांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. नवी चौकशी बसेल. ती होईपर्यंत विश्रामगृहावर राहता येणार नाही. क्वार्टर सोडावं लागेल, चार-आठ दिवसांत. रिटायरमेंटचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

"हाव मॅडम," उकंडराव म्हणाले. करदोट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सोडवला आणि टेबलावर ठेवला. "स्टोअरच्या किल्लीले दात एक कमी हाय. थोडी उचलून फिरवा लागते."

मी आवक क्रमांक टाकून घेऊन बाहेर आले तेव्हा ते व्हरांड्याच्या टोकाला, बाकड्यावर बसले होते. शेजारी गजेंद्र होता. आगीनंतर त्याला जंगलातून काढून इथे टपाल लावायला बसवलं आहे, हे मला तिथेच कळलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, मांडीवर लिफाफ्यांचा गठ्ठा. उकंडराव त्याला हळू आवाजात सांगत होते. मी थोड्या अंतरावर थांबले.

गजेंद्रने वरचा लिफाफा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाला, "पन दगड मोकळा होता ना?"

"हाव."

"मी गाडीवरून उतरून पाह्यला होता. उतरलो होतो मी."

"हाव बापा. उतरला होता तू."

"मजुराले बी इचारलं. म्हनलं, पाहा बे नीट. तो बी म्हने मोकळा हाय."

"मोकळाच होता," उकंडराव म्हणाले. "म्या केला मोकळा."

गजेंद्रने लिफाफे बाकड्यावर ठेवले, ते घसरून खाली पडले. तो उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला, दोन्ही हात जमिनीला टेकून. उकंडरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. बहुतेक आपल्याला तो हक्क नाही असं त्यांना वाटलं.

पर्समध्ये माझा फोन वाजत होता. आईच असणार, एक वाजून गेला होता. मी तो वाजू दिला आणि खाली बसून लिफाफे गोळा करू लागले. काही आगीच्या पंचनाम्याचे होते, काही नुसते पाणवठ्याच्या टँकरचे. गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण आहे ते त्याच्या ध्यानात आलं.

"ताई," तो म्हणाला, "मी पाह्यला होता दगड."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर पाह्यला होता."

तो मान हलवत राहिला. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला, आणि मीही पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदाही दिलं. फोन थांबला, परत वाजायला लागला.